शोकांतिका, व्हाया कल्याण

मराठीत सध्या सर्वांत स्वस्त काय मिळत असेल, तर ती शोकांतिका. नारळ महागले, तूरडाळ महागली, कार्यालयांची भाडी ऐकून लोक मुहूर्त पुढे ढकलू लागले. पण शोकांतिका मात्र कुठेही, केव्हाही आणि कुणालाही मिळते. नळाला दोन दिवस पाणी आलं नाही की वर्तमानपत्रात ‘पाणीपुरवठ्याची शोकांतिका’. रस्त्यात खड्डे पडले की ‘रस्त्यांची शोकांतिका’. उड्डाणपूल अर्ध्यावर राहिला की तीही शोकांतिकाच. वास्तविक जे काम संपतच नाही त्याला ‘अंत’ आणायचा कुठून? पण हे विचारतो कोण! आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत मी हा शब्द मोजला. सात वेळा आला. त्यांपैकी पाच वेळा तो लिफ्टला उद्देशून होता, एकदा पार्किंगला, आणि एकदा चुकून चहाला.

या सभेला आमच्या मजल्यावर राहणारे निवृत्त प्राध्यापक हजर होते. आयुष्यभर त्यांनी बी.ए.च्या मुलांना मराठी नाटक शिकवलं. सातव्यांदा तो शब्द कानावर पडल्यावर ते उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता हे लिफ्टच्या वर्गणीला विरोध करणार. ते म्हणाले, “मुळात हा शब्द शोकांतिका नव्हे. शोकात्मिका म्हणा.” सभा बरखास्त करायला सेक्रेटरींना एवढं निमित्त पुरलं.

पण प्राध्यापकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. या दोन शब्दांवरून मराठी समीक्षेत बरीच शाई सांडली आहे. शोकांतिका म्हटलं की शेवट वाईट झाला म्हणजे पुरे, असं वाटतं. मग ज्या नाटकात पहिल्या अंकापासून जीव गळ्याशी येतो, पण शेवटी नायक मरत मात्र नाही, त्याचं काय करायचं? आणि उलट, दोन अंक हसवून तिसऱ्या अंकात नायिकेला काही कारण नसताना क्षय झाला, तर ती काय शोकांतिका? म्हणून काहींचं म्हणणं पडलं, की शोक शेवटी असण्याला महत्त्व नाही, तो नाटकाच्या आत्म्यात हवा, सबब शोकात्मिका. आम्हा कर्जत लाइनीच्या लोकांना हे चटकन पटतं. आमचा शोक शेवटी नसतोच. तो सकाळी बदलापूरच्या प्लॅटफॉर्मवर गाडीत शिरतानाच असतो. शेवट म्हणजे सीएसएमटी, आणि तिथे उतरताना माणूस सुटल्याच्या आनंदात असतो. तरीही सवयीचा शब्द शोकांतिका हाच आहे, म्हणून मी तोच वापरतो. प्राध्यापकांनी क्षमा करावी.

मी नाटकं पाहत आलो ती बहुतेक कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात, नाहीतर डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात. रात्रीचा प्रयोग असला की तिसऱ्या अंकात माझं अर्धं लक्ष नायकाच्या प्राणाकडे आणि अर्धं शेवटच्या बदलापूर गाडीकडे असतं. जो नट वेळेत मरतो तो मला मोठा वाटतो. काही नट मरता मरता पुन्हा उठून बसतात आणि आणखी एक स्वगत म्हणतात. अशा वेळी माझ्या मनात जे दाटून येतं त्याला ॲरिस्टॉटलने भय आणि करुणा अशी नावं दिली आहेत. भय गाडी चुकण्याचं, करुणा स्वतःची.

ॲरिस्टॉटलचं नाव निघालं ते बरंच झालं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या या गृहस्थाने शोकांतिकेच्या नायकासाठी ज्या अटी घातल्या, त्या वाचताना तहसील कचेरीतल्या दाखल्याची आठवण होते. अट पहिली : नायक मोठ्या नावलौकिकाचा हवा. अट दुसरी : तो अगदी साधुसंत नको आणि बदमाशही नको; आपल्यासारखाच, जरा उजवा. अट तिसरी : त्याचा नाश दुष्टपणामुळे नव्हे, तर त्याच्याच हातून घडलेल्या चुकीमुळे व्हावा. ग्रीक भाषेत तिला ‘हॅमर्शिया’ म्हणतात. अट चौथी : दैव एकदम उलटं फिरावं, आणि आपण काय करून बसलो हे नायकाला कळावं. एवढं जमलं की प्रेक्षकाच्या मनातलं भय आणि करुणा ढवळून निघते, आणि तो हलका होऊन घरी जातो. हेच ते कॅथार्सिस. मराठीत याला ‘विरेचन’ असा प्रतिशब्द मिळाला. हा शब्द आयुर्वेदात एरंडेलाच्या शेजारी बसत असल्यामुळे मराठी प्रेक्षक शोकांतिकेला थोडा बिचकून असतो, असा माझा आपला कयास आहे.

पहिली अट आमच्याकडेही बरीच वर्षं पाळली गेली. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली नाटक लिहिलं ते थोरल्या माधवराव पेशव्यांवर. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटला ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलं. देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. म्हणजे एक पेशवा, एक राजपुत्र आणि एक सेनापती. या रांगेत आपल्यासारख्याचा नंबर लागायचा म्हणजे कठीणच. विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात ॲरिस्टॉटल सर्व्हेला आला असता, तर ‘उच्चपदस्थ’ या रकान्यात त्याला फक्त सातव्या मजल्यावरचे लोक मिळाले असते. आणि लिफ्ट बंद असल्यामुळे तेही खालीच भेटले असते.

ही रांग मोडली राम गणेश गडकऱ्यांनी. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोद्याला, गंधर्व नाटक मंडळीकडून. गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यात गेले होते. आपलं सर्वांत गाजलेलं नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही. त्या नाटकातला सुधाकर पेशवा नाही, सेनापती नाही. तो वकील आहे. भर कोर्टात अपमान होतो, सनदेवर गदा येते, आणि त्या जखमेवर तळीराम पहिला प्याला ओततो. मध्यमवर्गीय माणूस मराठी शोकांतिकेत शिरला तो असा, हातात पेला घेऊन.

या नाटकाबद्दल एक वाद नेहमी निघतो : शोकांतिका कुणाची, सुधाकरची की सिंधूची? परीक्षेतही हा प्रश्न यायचा आणि दहा गुणांना असायचा. ॲरिस्टॉटलच्या फुटपट्टीने पाहिलं तर सुधाकरचीच. मानी स्वभाव, एक चूक, उलटं फिरलेलं दैव, आणि शेवटी लख्ख कळून चुकणं. सगळी कागदपत्रं जोडलेली. सिंधूचा अर्ज मात्र पहिल्याच टेबलावर नामंजूर होतो. तिची चूकच नाही. निर्दोष माणसाचा नाश पाहून प्रेक्षकाला भय-करुणा वाटत नाही, नुसता धक्का बसतो, असं ॲरिस्टॉटल बजावतो. आता या ग्रीक पंडिताला म्हणावं, तू एकदा थिएटरात येऊन बस. बालगंधर्वांनी ठिगळांच्या लुगड्यातली सिंधू उभी केली तेव्हा महाराष्ट्र कुणासाठी रडला? सुधाकरसाठी रुमाल भिजला असेल. सिंधूसाठी पदर भिजले. आणि भिजलेल्या पदरांची संख्या रुमालांपेक्षा नेहमीच जास्त असते, हे तिकीटविक्रीवाल्याला ठाऊक असतं.

इथे आपला भरतमुनी मदतीला येतो. नाट्यशास्त्रात शोकांतिका हा प्रकारच नाही. संस्कृत नाटकाचा शेवट गोड व्हायचा आणि मरण रंगमंचावर दाखवायचं नाही, असा रिवाज. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, तो अपवाद. पण भरताने करुणरस सांगितला, आणि त्याची कारणंही मोजून दिली : शाप, क्लेश, प्रियजनांचा वियोग, संपत्तीचा नाश, वध, कैद, आणि विद्रव. विद्रव म्हणजे जीव मुठीत धरून पळणं. यात घराण्याची अट नाही, चुकीची अट नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची तर मुळीच नाही. ज्याचं काही गेलं, त्याच्यासाठी रडायला परवानगी आहे. सिंधूचा अर्ज भरताच्या टेबलावर ताबडतोब मंजूर होतो.

सिंधूवरून सिंध आठवावा हे आमच्या लाइनीवर साहजिकच आहे, कारण विठ्ठलवाडी सोडली की उल्हासनगर येतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांना तिथल्या बराकींत आसरा दिला गेला. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते, या वसाहतीला शेजारच्या उल्हास नदीवरून नाव मिळालं : उल्हासनगर. ज्यांचं घर, शेत, दुकान आणि नदीसुद्धा गेली, त्यांच्या गावाचं नाव उल्हास! एवढा कडवट उपरोध ग्रीक नाटककारांनाही सुचला नसता, आणि इथे तो सरकारी कागदावर, कुणाच्याही मनात वाईट नसताना, उतरला. भरताच्या यादीतली वियोग, विभवनाश आणि विद्रव ही तिन्ही कारणं एका गावात एकत्र आली. पत्ता अजूनही ‘कॅम्प नंबर तीन’ असाच सांगतात. छावणी उठली, कॅम्प राहिला.

पण या नाटकाच्या दुसऱ्या अंकात काय घडलं, तर दुकान उघडलं. पापड आला, मिठाई आली, फर्निचर आलं, जीन्स आली, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोदही आला. हा विनोद आपण त्यांच्यावर करतो असं आपल्याला वाटतं; माझ्या माहितीच्या एका दुकानदाराने तो मला स्वतःच सांगितला आणि वर पाच टक्के सूट दिली. याच दुकानदाराला मी एकदा त्याच्या वडिलांबद्दल विचारलं. कापड मोजता मोजता तो म्हणाला, “बाबूजी कभी शिकारपूर की बात छेडते, तो ग्राहक का छुट्टा देना भूल जाते थे.” एवढं बोलून त्याने मीटर पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला.

आता याला शोकांतिका म्हणायचं का? मला वाटतं, नाही. हा शोक आहे, आणि फार मोठा आहे. पण तो त्या माणसांच्या स्वभावातून आला नाही. कुणीतरी दूर बसून नकाशावर रेघ ओढली, आणि ती यांच्या ओटीवरून गेली. शोक मोठा असला म्हणजे त्याची शोकांतिका होतेच असं नाही. आणि शोकांतिका नाही म्हटल्याने तो शोक तसूभरही लहान होत नाही. दु:खाला मोठेपणा मिळावा म्हणून त्याला नाट्यशास्त्रातली पदवी देण्याची आपल्याला भारी हौस. जणू पदवीशिवाय दु:खाला नोकरी लागणार नाही!

उल्हासनगरच्या पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथलं शिवमंदिर शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातलं. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे. या देवळाची गंमत अशी, की इतर देवळांत देवाकडे चढून जायचं असतं, इथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जायचं. उंचीवरून कोसळल्याशिवाय मोठेपण नाही म्हणणाऱ्या ॲरिस्टॉटलला मी इथे आणलं असतं. इथे देवच तळघरात राहतो आणि डोक्यावर अंबर घेऊन राहतो.

देवळाला लागून वालधुनी नदी वाहते. वाहते म्हणजे सरकते. तिचा रंग वारानुसार बदलतो असं म्हणतात. निळा दिवस कुठला आणि लाल कुठला हे तिथल्या लोकांना पाठ झालं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत कुणीतरी रसायन ओतलं आणि त्याच्या वासाने उल्हासनगरातल्या कितीतरी लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. वर्तमानपत्रांना शब्द तयारच होता : ‘वालधुनीची शोकांतिका’.

इथे मात्र मी प्राध्यापकांच्या बाजूने उभा राहतो. हा शब्द नुसता चुकीचा नाही, तो सोयीचा आहे. शोकांतिका म्हटलं की दैव आलं, नियती आली, आणि नियतीवर फिर्याद दाखल करता येत नाही. ईडिपसच्या हातून काय घडणार आहे हे कळायला डेल्फीची देववाणी लागली. वालधुनीत कुठल्या पाइपातून काय येतं हे पाहायला देववाणी कशाला, पाइपाच्या उलट दिशेने दहा मिनिटं चालत गेलं तरी पुरतं. जिथे पाइप सापडतो तिथे शोकांतिका नसते, गुन्हा असतो. जिथे कंत्राटदार सापडतो तिथे तर नसतेच नसते.

याच लाइनीवरची दुसरी गोष्ट सांगताना हसू येत नाही. ९ जून २०२५, सोमवारची सकाळ. मुंब्र्याजवळच्या वळणावर कसाऱ्याहून येणारी आणि कर्जतकडे जाणारी अशा दोन लोकल शेजारून गेल्या, आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. कर्जतची गाडी म्हणजे आमची गाडी. त्या रात्री आमच्या इमारतीत प्रत्येक घरचा माणूस परत येईपर्यंत जिन्यातले दिवे कुणी बंद केले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच शब्द छापून आला. पण त्याच वेळी रेल्वेने जाहीर केलं, की नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवू. म्हणजे दाराने हे टळण्यासारखं होतं! ईडिपसला कितीही भक्कम दार बसवून दिलं असतं, तरी तो ते उघडून आपल्या नशिबाकडे चालत गेला असता. म्हणून ती शोकांतिका. जे दाराने, डब्याने, चार जादा गाड्यांनी टळतं, त्याला त्या शब्दाची शाल पांघरू नये. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं मरत आली आहेत. इतक्या शोकांतिका सोफोक्लीसलाही झेपल्या नसत्या. त्याला हलगर्जी म्हणावं. शब्द साधा आहे, पण त्याला उत्तर द्यावं लागतं.

मग शोकांतिका रोजच्या आयुष्यात नसतेच की काय? राजे गेले, पेशवे गेले, देववाणी बंद पडली. आता आपल्या वाट्याला नुसते अपघात आणि तक्रारअर्ज, असंच का? पुष्कळ विद्वानांना तसं वाटतं. मला नाही वाटत. कारण अंबरनाथनंतर बदलापूर येतं.

बदलापूर या नावाची आख्यायिका अशी, की पूर्वी इथे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. हिंदीत मात्र बदला म्हणजे सूड. २०१५ साली याच नावाचा हिंदी सिनेमा आला तेव्हा तो सूडाचाच होता. आमच्या गावचे लोक गावाचं नाव पाहून सहकुटुंब गेले आणि मुलांचे डोळे झाकत बसले. मला वाटतं, दोन्ही अर्थ शोकांतिकेच्या कामाचे आहेत. हॅम्लेट हे सूडाचं नाटक आहे, आणि दैवाचा पालट ही तर ॲरिस्टॉटलची चौथी अट. अख्खं गाव नाट्यशास्त्रावर वसलेलं, पण नगरपरिषदेला त्याचं काही नाही.

अर्थात बदलापुरात प्रत्येक नाटक वाईट संपतं असं नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये पुरात अडकली. हजारावर प्रवासी, सगळीकडे पाणी, रात्र. सकाळी रबरी बोटी आल्या, नौदल आलं, आसपासच्या गावांतली माणसं धावली, आणि शेवटचा प्रवासीसुद्धा सुखरूप बाहेर आला. ग्रीक नाटकात सगळं अडलं की यंत्रातून देव खाली सोडायचे. आमच्याकडे तो मोटारबोटीतून आला, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, “केवढी शोकांतिका टळली!” टळली ना? मग ती शोकांतिका नव्हतीच. शोकांतिकेत बोट येत नाही. किंवा येते, आणि नायक म्हणतो, “मला नको, मी इथेच बरा.”

हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. नाटकातले मोठे नायक पाहा. त्यांचा घात दुर्गुणाने होत नाही; ज्या गुणामुळे आपण त्यांना मोठे म्हणतो त्याच गुणाने होतो. सुधाकर मानी नसता, तर कोर्टातला अपमान गिळून घरी येऊन जेवला असता. नाटक पहिल्या अंकात संपलं असतं आणि सिंधू सुखी झाली असती. शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ १९७० सालचा. डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर आपलं सगळं मुलांना वाटून मोकळे होतात, ते दिलदार म्हणून. कंजूष असते तर म्हातारपणी व्याजावर सुखात राहिले असते, आणि सून रोज विचारायला आली असती, “अप्पा, चहा आणू का?” प्रेक्षकांतल्या प्रत्येक निवृत्त माणसाने ते नाटक पाहिलं, डोळे पुसले, आणि घरी येऊन फ्लॅट स्वतःच्याच नावावर ठेवला. याला म्हणतात नाटकाचा समाजावर परिणाम! पण अप्पांची चूक काय, तर प्रेम केलं आणि हिशेब ठेवला नाही. अशा चुकीवर कुठल्या कचेरीत तक्रार करायची?

आमच्या डब्यात एक गृहस्थ आहेत. गृहस्थ म्हणजे अगदी गृहस्थ. गेल्या वीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. २००४ साली डोंबिवलीतली एक खोली सोडून त्यांनी बदलापुरात फ्लॅट घेतला. कारण एकच. मुलगी चार वर्षांची होती आणि तिला स्वतःची खोली हवी होती. चंदेरीचा सुळका दिसणाऱ्या खिडकीची खोली तिला मिळाली. वीस वर्षांचं कर्ज काढलं. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन येऊन १३६. वर्षाचे २८० दिवस धरले तर ३८ हजार किलोमीटर झाले, म्हणजे दर वर्षी जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा. वीस वर्षांचा हिशेब केला तर माणूस चंद्रावर जाऊन परत आला असता. पुराणात कार्तिकेय पृथ्वीप्रदक्षिणेला गेला आणि गणपती आईबापांभोवती फिरून जिंकला. आमचे गृहस्थ कार्तिकेयाच्या बाजूने खेळले. सकाळी निघताना मुलगी झोपलेली, रात्री येताना झोपलेली. तिने शाळेत ‘माझे कुटुंब’ असं चित्र काढलं, त्यात आई होती, आजी होती, मांजर होतं; आणि दाराजवळ बूट होते. बाईंनी विचारलं, बाबा कुठे आहेत? तर म्हणाली, हे काय! बूट आहेत ना, म्हणजे आले.

हा किस्सा ते स्वतःच डब्यात सांगायचे, आणि आम्ही सगळे हसायचो. तेही हसायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला. त्यांनी डब्यात पेढे वाटले. भजनी मंडळाच्या बुवांनी विचारलं, “काय, आता सुटलात! आता निवांत बसायचं त्या खोलीत.” मुलगी दोन वर्षांपूर्वीच नोकरीला बंगळूरला गेली आहे. त्या खोलीत सध्या इस्त्रीचं टेबल आहे. गृहस्थ पेढ्याचा बॉक्स बंद करत म्हणाले, “खोली आहे, आता वेळही मिळेल, पोर तेवढी नाही.” बुवांनी त्यांची समजूत घालावी म्हणून म्हटलं, “पण तुमचं काय चुकलं हो यात?” ते म्हणाले, “काहीच नाही. तेच तर शोधतोय.”

कल्याण येईपर्यंत कुणी बोललं नाही. ग्रीक नाटकात अशा वेळी कोरस पुढे येऊन चार गंभीर ओळी म्हणतो. आमचा कोरस बराच वेळ गप्प होता. मग त्यातल्या एकाने हळूच विचारलं, “पेढे कुठले हो? काय किलो पडले?”

ही गोष्ट मी प्राध्यापकांना सांगितली. त्यांनी अटी एकेक करून तपासल्या. साधू नाही, बदमाश नाही. स्वतःच्या हाताने केलेली निवड आहे. तीही प्रेमापोटी. दैव फिरलं, आणि तेही अशा वेळी की सगळं साधलं असं वाटावं. आणि शेवटी कळलं. पाइप नाही, कंत्राटदार नाही. दार बसवून टळलं नसतं. चार जादा गाड्या सोडल्या असत्या, तर थोडं आधी घरी आले असते, पण खोलीसाठी आणखी मोठं कर्ज काढलं असतं, इतकंच. प्राध्यापक म्हणाले, “नावलौकिक तेवढा कमी पडतो.” मी म्हटलं, “सर, चौथ्या डब्यात त्यांना सगळे ओळखतात.” त्यांनी थोडा विचार केला आणि ती अट माफ केली.

माझं म्हणणं एवढंच. यापुढे कुणी शोकांतिका हा शब्द काढला, तर आधी विचारावं, कुणी केलं? नाव सापडलं तर रडत बसू नये, अर्ज करावा, प्रती वरपर्यंत पाठवाव्यात, आणि पोच घ्यायला विसरू नये. दूर कुणीतरी ओढलेली रेघ सापडली, तर तो शोक. त्याच्यापुढे मान खाली घालावी आणि दुकानात घासाघीस जरा कमी करावी. पण शोधून शोधून त्या माणसाचा चांगुलपणाच तेवढा हाती लागला, तर मग तो शब्द वापरायला हरकत नाही. मात्र त्याच्या तोंडावर वापरू नये. भय आणि करुणा मनातल्या मनात ठेवावी, बाकावर जरा आत सरकावं, आणि त्याला चौथी सीट द्यावी.